मालमोटारीची थरथर

भरलेली मालमोटार महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा तिचे चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे घेते. चाकाच्या एका बाजूस चिखल चिकटला, तरी त्याचा तोल जातो. वेग दुप्पट झाला की या दोषाचा जोर चौपट होतो. म्हणून गावात न जाणवणारी थरथर महामार्गावर प्रकट होते. ती दुर्लक्षिली, तर बोल्ट ढिले होऊन प्राणावर बेतू शकते.

जाणता मिस्त्री अशा वेळी सुटे भाग बदलत बसत नाही. तो गाडी उभी ठेवून एंजिन तितक्याच गतीने फिरवतो. थरथर नसल्यास एंजिन बहुधा निर्दोष ठरते. धावताना स्टिअरिंग हादरले, तर संशय पुढील चाकांवर जातो; बैठक हादरली, तर मागील चाकांवर किंवा त्यांना शक्ती पोहोचविणाऱ्या लांब शाफ्टवर. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत असले, तरच एकाने उत्पन्न केलेला गतीचा चढउतार दुसरा नाहीसा करतो. दुरुस्तीत शाफ्टचा दातेरी जोड एका दात्याने जरी चुकला, तरी चाके कितीही बदलून थरथर थांबत नाही. जोडावरील खुणा जुळविताच मात्र ती शमते.

एका वेळी एकच शंका तपासणे, हीच दोष शोधण्याची खरी रीत होय.