परदेशातील लग्न आणि पाहुण्यांचे विमानभाडे: खर्च आवरण्याचे मार्ग

दक्षिण कोलकात्यातील बेहाला हे मध्यमवर्गीय वस्तीचे जुने उपनगर आहे. बडिशा येथील सावर्ण राय चौधुरी घराण्याची १६१० पासून चालत आलेली दुर्गापूजा ही त्याची एक ओळख, तर क्रिकेटपटू सौरव गांगुली यांचे घर ही दुसरी. बेहालाला स्वतःची धावपट्टीही आहे. मात्र तेथून नियमित प्रवासी विमाने सुटत नाहीत. परदेशी जाण्यासाठी शहर ओलांडून दमदमचा नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळ गाठावा लागतो. मुलाचे किंवा मुलीचे लग्न परदेशात करण्याचा विचार अशा वस्तीतील कुटुंबांपर्यंतही आता पोहोचला आहे. मंडप आणि भोजन यांचा हिशेब यजमानांना ठाऊक असतो. चाळीस-पन्नास पाहुण्यांच्या विमानप्रवासाचा हिशेब मात्र अनेकांना नवा असतो.

परदेशातील लग्नांवर देशात चर्चाही झाली आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २६ नोव्हेंबर २०२३ रोजीच्या ‘मन की बात’ कार्यक्रमात, कुटुंबांनी लग्नसोहळे भारतभूमीवरच करावेत, असे आवाहन केले होते. तरीही कोलकात्याच्या बाबतीत नकाशा वेगळेच काही सांगतो. कोलकाता ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे १,६५० किलोमीटर आहे आणि कोलकाता ते बँकॉक हे अंतरही जवळजवळ तितकेच आहे. बँकॉकचे थेट विमान अडीच तासांच्या आसपास पोहोचते. काठमांडू, पारो आणि ढाका ही शहरे तर त्याहूनही जवळ आहेत. पूर्व भारतातील कुटुंबांना थायलंड फारसा दूर वाटत नाही, त्यामागे हे भौगोलिक कारण आहे.

भाडे कसे ठरते?

विमानातील सर्व आसने एकाच दराने विकली जात नाहीत. विमान कंपन्या आसनांची विभागणी भाड्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांत करतात. स्वस्त टप्प्यातील आसने संपली की पुढील, महाग टप्पा खुला होतो. एकाच वेळी अनेक तिकिटांची मागणी केल्यास बहुतेक आरक्षण प्रणाली सर्व प्रवाशांना सामावून घेणारा टप्पा शोधतात आणि तोच दर सर्वांना लावतात.

समजा, ९,००० रुपयांच्या टप्प्यात तीनच आसने उरली आहेत व पुढील टप्पा १२,००० रुपयांचा आहे. पाच जणांची तिकिटे एकत्र मागितल्यास पाचही जणांना १२,००० रुपये, म्हणजे एकूण ६०,००० रुपये द्यावे लागतील. तीच तिकिटे तीन आणि दोन अशी वेगळी काढल्यास २७,००० अधिक २४,००० असे ५१,००० रुपये होतील. म्हणून मोठ्या कुटुंबाने तिकिटे काढण्यापूर्वी एका प्रवाशासाठीचा दर पाहावा, मग संख्या वाढवत जावी आणि दर कोठे उडी घेतो ते तपासावे. आरक्षणे वेगळी झाल्यास विमान रद्द होताना वा बदलताना प्रत्येक आरक्षणाचा निर्णय स्वतंत्रपणे होतो. यासाठी वृद्ध व्यक्ती आणि तिला सांभाळणारी व्यक्ती एकाच आरक्षणात असणे इष्ट.

समूह आरक्षण: लाभ आणि मर्यादा

सामान्यतः दहा किंवा अधिक प्रवासी एकत्र जाणार असल्यास विमान कंपन्या समूह आरक्षण देतात. समूहाला सवलत मिळतेच, अशी समजूत आहे. ती नेहमी खरी ठरत नाही. समूहाचा दर कित्येकदा त्या दिवशीच्या सर्वांत स्वस्त खुल्या दरापेक्षा अधिक असतो. त्याचा खरा लाभ निश्चितीत आहे. आगाऊ रक्कम भरून दर निश्चित करता येतो, उरलेली रक्कम पुढे भरता येते आणि प्रवाशांची नावे ठरावीक मुदतीपर्यंत कळवता येतात. पाहुण्यांचे होकार हळूहळू येत असतात, तेव्हा ही सोय मोलाची ठरते.

मात्र कबूल केलेल्या संख्येपेक्षा पाहुणे कमी झाल्यास आगाऊ रकमेचा काही भाग बुडू शकतो. त्यामुळे निश्चित येणाऱ्यांपुरतेच समूह आरक्षण करावे आणि उरलेल्यांची तिकिटे स्वतंत्र काढावीत, हा मार्ग अधिक सुरक्षित आहे. सर्वांना एकाच शहरातून नेण्याचा आग्रहही खर्च वाढवतो. मुंबईचा मामा आधी कोलकात्याला येऊन मग बँकॉकला जाण्यापेक्षा मुंबईहून थेट गेलेला बहुधा बरा.

मुहूर्त आणि हंगाम

बंगाली परंपरेत भाद्र, आश्विन, कार्तिक, पौष आणि चैत्र हे महिने विवाहासाठी वर्ज्य मानले जातात. बंगाली पौष साधारणतः १६ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत असतो. नाताळ आणि नववर्षाची सर्वांत महाग गर्दी नेमकी याच काळात असते. आश्विनातील पूजेच्या सुट्टीत कोलकात्याहून बाहेर जाणाऱ्यांची रीघ लागते व भाडी चढतात. त्याही काळात मुहूर्त नसतात. अशा रीतीने पंचांग यजमानाच्या खिशाची काळजी नकळत घेते.

तरी काही तारखा जपाव्यात. अग्रहायणातील, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतच्या लग्नात परतीचा प्रवास नाताळाच्या गर्दीत सापडणार नाही, हे पाहावे. माघ-फाल्गुनातील लग्न चिनी नववर्षाच्या आठवड्यात आल्यास आग्नेय आशियाकडे जाणारी विमाने भरलेली असतात. वैशाखाच्या आरंभीचा मुहूर्त थायलंडच्या १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रान उत्सवाला लागून येतो. ऋतूही पाहावा लागतो. फुकेतला मे ते ऑक्टोबर हा पावसाळा असतो, तर कोह समुई बेटावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. अग्रहायणातील सोहळ्यासाठी फुकेत योग्य, समुई जोखमीचे, असा याचा अर्थ होतो.

तिकिटाबाहेरचा खर्च

स्वल्पदरातील कंपन्यांच्या सर्वांत कमी भाड्यात सामान नोंदवण्याची मुभा अनेकदा नसते. बनारसी साड्या, तत्त्वाची तबके, शोलेचा नाजूक टोपर आणि मुकुट हे सारे बरोबर न्यायचे असते. विमानतळावर वाढीव वजनाचे पैसे भरणे हा सर्वांत महाग पर्याय असतो. वजन तिकिटाबरोबरच विकत घ्यावे. टोपर हाताच्या सामानात न्यायचा असल्यास त्याची पेटी ठरवून दिलेल्या मापात बसते का, हे आधीच मोजावे. मौल्यवान दागिने नेणाऱ्यांनी निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे तेच दागिने परत आणताना वाद उद्भवत नाही.

बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून फुकेतचे विमान पकडायचे असेल, तर शहर ओलांडावे लागते. दोन कंपन्यांची तिकिटे वेगवेगळी काढली असतील आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. दोन तिकिटे मिळून वाचणारे पैसे अशा वेळी एका फटक्यात जातात.

करांचाही विचार हवा. साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. वरच्या वर्गांसाठी हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. विमान तिकीट आणि हॉटेल एकाच विक्रेत्याकडून एकत्रित सहल म्हणून घेतल्यास उगमस्थानी कर गोळा केला जातो. केवळ तिकीट किंवा केवळ हॉटेल म्हणजे एकत्रित सहल नव्हे, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केले. हा कर विवरणपत्र भरताना समायोजित होतो, तथापि तोपर्यंत पैसा अडकून राहतो.

पारपत्र: सर्वांत आधीचे काम

अनेक कुटुंबांत आजी-आजोबांकडे पारपत्र नसते. त्यांच्या पारपत्राची वाट पाहत तिकीट काढण्यास विलंब झाला, तर सर्वांत महाग तिकीट त्यांचेच ठरते आणि प्रसंगी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच सोहळ्यास मुकते. त्यामुळे तारीख ठरताच पारपत्रांची यादी करावी. मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. ६० वर्षांवरील अर्जदारांना पारपत्र शुल्कात १० टक्के सवलत देण्याची घोषणा केंद्र सरकारने २०१७ मध्ये केली होती. नेपाळला विमानाने जाण्यासाठी भारतीय नागरिकांना निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्रही चालते. ज्यांच्या घरी पारपत्रे कमी आहेत, त्यांनी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

तिकिटावरील नाव पारपत्रातील नावाशी जुळले पाहिजे. बंगाली कुटुंबांत एकच आडनाव मुखर्जी आणि मुखोपाध्याय, चॅटर्जी आणि चट्टोपाध्याय अशा दोन रूपांत वावरते. मराठी प्रवाशांच्या बाबतीत वडिलांचे किंवा पतीचे नाव हा असाच घोटाळ्याचा विषय ठरतो. यजमानांनी पाहुण्यांकडून तोंडी नाव न घेता पारपत्राच्या पानाची प्रत मागवावी.

थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली. मुक्कामाच्या मुदतीचे नियम मात्र वेळोवेळी बदलतात. ते तिकीट काढताना आणि निघण्यापूर्वी असे दोनदा तपासावेत. १ मे २०२५ पासून तेथे डिजिटल आगमनपत्र भरणे आवश्यक करण्यात आले. ते निःशुल्क असल्याने त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही.

विमान रद्द झाले तर?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, ऐन लग्नसराईत, इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. देशांतर्गत भाडी इतकी वाढली की केंद्र सरकारला ६ डिसेंबर रोजी कमाल मर्यादा घालावी लागली. कर्नाटकात हुबळी येथील एका स्वागत समारंभात तर वधूवरांनाच पडद्यावरून सहभागी व्हावे लागले. कंपनीने विमान रद्द केल्यास पर्यायी विमान किंवा परतावा मिळतो. चुकलेला मुहूर्त भरून मिळत नाही. म्हणून वधूवर, त्यांचे आईवडील आणि पुरोहित यांनी किमान एक संपूर्ण दिवस आधी पोहोचावे, आणि शक्य असल्यास सर्वांनी एकाच विमानाने जाऊ नये.

पाहुण्याने स्वतःच बेत रद्द केल्यास परतावा न मिळणाऱ्या तिकिटावरही वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हा नियम १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झाला. रक्कम लहान असली तरी ती मागून घ्यावी.

तारखेचा घोळही टाळावा. कोलकात्याहून आग्नेय आशियाकडे जाणारी काही विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ५ डिसेंबर, रात्री साडेबारा असे असल्यास बेहालाहून ४ डिसेंबरच्या संध्याकाळीच निघावे लागते. जोकाहून बेहालातून जाणारी मेट्रो मार्च २०२४ मध्ये माझेरहाटपर्यंत पोहोचली आणि ऑगस्ट २०२५ पासून विमानतळालाही मेट्रो जोडली गेली. परंतु या दोन मार्गिका एकमेकींना थेट मिळत नाहीत. सामान आणि वृद्ध मंडळी बरोबर असताना मोटारीचा खर्च धरूनच चालावे.

खर्च कोणाचा?

सर्वांत अवघड प्रश्न पैशांपेक्षा नात्याचा असतो. आमंत्रण दिले, पण तिकिटाबद्दल मौन पाळले, तर कमी उत्पन्नाचे नातेवाईक संकोचाने काही विचारत नाहीत. ते प्रकृतीचे कारण सांगून घरी राहतात. यजमान कोणाचा प्रवास, कोणाचा मुक्काम आणि कोणाचे दोन्ही सोसणार, हे आमंत्रणाबरोबरच स्पष्ट सांगणे सर्वांच्या मानाचे ठरते. बंगाली रीतीत यावर एक उपायही आहे. विवाहानंतर वराकडे होणारा ‘बौभात’ बेहालातील घरी किंवा जवळच्या सभागृहात ठेवता येतो. विवाहविधीला परदेशात मोजके आप्त, आणि बौभाताला सारा पाडा, अशी विभागणी केल्यास तिकिटांची संख्या कमी होते आणि विमानात न बसू शकणाऱ्या आजीलाही नातसुनेच्या हातचा घास मिळतो.