नाव, भूमी आणि पुनरुद्धार : दोन ऐतिहासिक द्राक्षमळ्यांचा विचार

एखादा नामांकित द्राक्षमळा वैभवाच्या शिखरावर पोहोचतो, पुढे मालकांच्या अडचणींमुळे वा अनास्थेमुळे खालावतो, आणि नव्या मालकाच्या हाती गेल्यावर पुन्हा पूर्वपदास येतो, असे प्रसंग मद्यनिर्मितीच्या इतिहासात वारंवार आढळतात. अशा घटनांचे वर्णन करताना 'पुनरुद्धार' हा शब्द सहजपणे योजला जातो. परंतु उद्धार नेमका कशाचा होतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जमिनीचा, वास्तूचा, मद्याच्या दर्जाचा की नावाचा? या चार गोष्टी एकाच वस्तूची चार अंगे आहेत असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात त्या एकमेकींपासून अलग होऊ शकतात, आणि अलग झाल्यावर त्यांना पुन्हा एकत्र आणणे किती कठीण असते, हे दोन मळ्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते. पहिला मळा फ्रान्समधील बोर्दो प्रांतातील शातो मार्गो. दुसरा कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात रदरफर्ड येथे असलेला इंगलनुक.

१. परिभाषेचा विचार

प्रथम काही शब्दांची फोड करणे आवश्यक आहे. 'शातो' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ गढी किंवा किल्ला. बोर्दोच्या परिसरात या शब्दाचा अर्थविस्तार झाला आणि जमीन, वेली, तळघर व वास्तू यांसह संपूर्ण मद्योत्पादक मालमत्तेस तो लागू झाला. ज्या मळ्यावर साधे कौलारू घर आहे, तोही तेथे 'शातो' ठरतो. 'क्रू' हा शब्द 'वाढणे' या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित आहे. एखाद्या भूमीत जे वाढले ते 'क्रू', आणि पुढे लक्षणेने ती भूमीच 'क्रू'. म्हणजे या परिभाषेत मद्याचे नाव हे मुळात स्थलनाम आहे.

१८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तेथील मद्यांची एक श्रेणीवार यादी तयार केली. तिचा आधार त्या काळचे बाजारभाव हा होता. मेदोकमधील लाफित, लातूर व मार्गो आणि ग्राव्हमधील ओ-ब्रियाँ ही चार मद्ये पहिल्या श्रेणीत आली. मूताँ या पाचव्या नावाची भर १९७३ साली पडली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही श्रेणी शेताच्या चतुःसीमांना दिलेली नसून नावाला दिलेली आहे. मालकाने पुढे जमिनीची खरेदी-विक्री केली, मालकच बदलला किंवा मद्याचा दर्जा घसरला, तरी श्रेणी कायम राहते. वाच्य वस्तू बदलली तरी वाचक शब्दाचा मान अबाधित राहावा, अशी ही व्यवस्था आहे. तिचा लाभ आणि तिचा धोका दोन्ही मार्गोच्या उदाहरणात दिसून येतात.

२. शातो मार्गो : दुबळ्या झालेल्या मळ्याचे टिकलेले नाव

मार्गोची सध्याची स्तंभयुक्त वास्तू एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लुई कोंब या वास्तुशिल्पज्ञाने बांधली. विसाव्या शतकाच्या मध्यास ही मालमत्ता जिनेस्ते या बोर्दोच्या व्यापारी घराण्याकडे होती. १९७० नंतरच्या काही वर्षांत बोर्दोचा मद्यव्यापार गंभीर संकटात सापडला. भाव प्रथम अतोनात चढले व मग कोसळले. १९७२, १९७३ आणि १९७४ हे तीन हंगाम लागोपाठ सुमार निघाले. तेलसंकटाने मागणी मंदावली. चढ्या भावाने माल घेऊन बसलेल्या व्यापाऱ्यांची यात कोंडी झाली. ज्या घराण्याचा मळा आणि व्यापार एकमेकांत गुंतलेले होते, त्याला मळ्यावर खर्च करणे अशक्य झाले. निचऱ्याची कामे, नव्या वेलींची लागवड, पिंपांची खरेदी ही सारी पुढे ढकलली गेली. मद्याच्या अंगी पूर्वीचा कस उरला नाही. नाव मात्र पहिल्या श्रेणीतच राहिले.

मालमत्ता विकण्याची वेळ आली तेव्हा एका अमेरिकन कंपनीने ती घेण्याची तयारी दर्शविली होती. फ्रेंच शासनाने तो व्यवहार होऊ दिला नाही. अखेर १९७७ साली ग्रीसमध्ये जन्मलेले व फ्रान्समध्ये स्थायिक झालेले उद्योजक आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी ती विकत घेतली. किराणा व्यापारात नाव मिळविलेल्या या गृहस्थांना मद्यनिर्मितीचा पूर्वानुभव नव्हता. तथापि त्यांनी बोर्दोचे विख्यात मद्यशास्त्रज्ञ एमिल पेनो यांना सल्लागार नेमले आणि आवश्यक तो खर्च हात न आखडता केला. शेतांचा निचरा सुधारला, वेलींची पुनर्लागवड सुरू झाली, नव्या ओक-पिंपांचा वापर वाढला, वास्तूची डागडुजी झाली आणि भूमिगत तळघराचे काम हाती घेण्यात आले.

१९७८ च्या हंगामाचे मद्य बाजारात आले तेव्हा मार्गो पूर्वपदास पोहोचल्याचा निर्वाळा जाणकारांनी दिला. खरेदीनंतर अवघ्या दुसऱ्या हंगामात हे घडले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. द्राक्षवेल लावल्यावर साधारणतः तिसऱ्या वर्षी फळ धरते, आणि श्रेष्ठ मद्यास योग्य अशी परिपक्वता येण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ जातो. म्हणजे १९७८ चे यश नव्या वेलींचे नव्हते. ते जुन्याच वेलींचे होते. भूमी आणि वेली यांचे सामर्थ्य नष्ट झालेले नव्हते. उणीव होती ती काढणीनंतरच्या निगराणीची आणि विशेषतः निवडीची.

निवड हा येथील कळीचा मुद्दा आहे. एका मळ्यातील सर्व शेतांचे आणि सर्व पिंपांचे मद्य सारखे उतरत नाही. पेनो यांच्या पद्धतीत प्रत्येक पिंपाची पारख करून उत्तम तेवढेच मुख्य नावाखाली ठेवावयाचे आणि उरलेले दुय्यम नावाने विकावयाचे, असा दंडक होता. त्यासाठी मार्गोचे 'पाव्हियों रूज' हे मागे पडलेले दुय्यम मद्य पुन्हा सुरू करण्यात आले. नाव राखण्याचा उपाय म्हणजे ते प्रसंगी न वापरणे, हे तत्त्व यात अनुस्यूत आहे. अर्थात, हे तत्त्व पाळण्यास आर्थिक बळ लागते. ज्याला देणेकऱ्यांचा तगादा आहे, त्याला आपले निम्मे पीक कमी भावाने विकणे परवडत नाही. आंद्रे मेंत्झेलोपुलोस १९८० साली निधन पावले. त्यांच्या कन्या कोरीन यांनी हेच धोरण पुढे चालविले.

३. इंगलनुक : मळ्यापासून तुटलेले नाव

इंगलनुकचा इतिहास याच्या उलट आहे. 'इंगल' हा स्कॉटलंडमधील बोलीतला शब्द असून त्याचा अर्थ चुलीतला विस्तव. 'नुक' म्हणजे कोपरा. चुलीजवळचा उबदार कोपरा असा या जोडशब्दाचा घरगुती अर्थ. हे नाव ठेवणाऱ्या पूर्वीच्या मालकाकडून गुस्ताव्ह नीबाउम यांनी १८७९ च्या सुमारास ही जागा घेतली. फिनलंडमध्ये जन्मलेल्या या दर्यावर्दी गृहस्थांनी अलास्कातील कातडी व फरच्या व्यापारात मोठी संपत्ती मिळविली होती. हॅमडन मॅकइंटायर यांच्या आराखड्यानुसार त्यांनी दगडी मद्यशाळा बांधली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात इंगलनुकच्या मद्यांचा गौरव झाला.

१९०८ मध्ये नीबाउम वारले. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत मद्यबंदी होती. तीनंतर मळा पुन्हा चालू झाला, आणि १९३९ पासून नीबाउम यांच्या पत्नीच्या नात्यातील जॉन डॅनियल यांनी त्याची धुरा सांभाळली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले १९४१ चे काबर्ने सोव्हिन्यों कॅलिफोर्नियाच्या अत्युत्तम मद्यांत गणले जाते. डॅनियल यांची एक रीत अशी की, कसोटीस न उतरलेले मद्य ते इंगलनुकच्या नावाने बाटलीत भरत नसत; घाऊक विकून टाकीत. मार्गोत पेनो यांनी पुढे जे केले, त्याचे मर्म डॅनियल यांनी आधीच जाणले होते. परंतु या काटेकोरपणामुळे मळा किफायतशीर राहिला नाही. १९६४ साली त्यांनी मद्यशाळा, तिच्यासमोरचा मळा आणि 'इंगलनुक' हे नाव युनायटेड व्हिंटनर्स या संस्थेस विकले. नीबाउम यांचे निवासस्थान व त्यालगतची जमीन तेवढी त्यांनी स्वतःकडे ठेवली.

येथे बोर्दोच्या व्यवस्थेतील आणि अमेरिकन व्यवस्थेतील भेद दिसतो. फ्रान्समध्ये 'शातो' हे बिरुद लावावयाचे तर द्राक्षे त्याच मालमत्तेतील असावी लागतात. अमेरिकन व्यवहारात व्यापारचिन्ह जमिनीपासून वेगळे विकता येते. पुढे युनायटेड व्हिंटनर्सवर ह्यूब्लाइन या कंपनीचे नियंत्रण आले आणि 'इंगलनुक' हे नाव दूरदूरच्या द्राक्षांपासून बनलेल्या, मोठ्या कुप्यांतून विकल्या जाणाऱ्या स्वस्त मद्याला लावण्यात आले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा अर्थापकर्ष होय. फरक इतकाच की, सामान्य शब्दाचा अर्थापकर्ष बोलणाऱ्यांच्या नकळत, पिढ्यान्‌पिढ्या होत जातो; येथे तो व्यापारी निर्णयाने, एका पिढीच्या आत झाला. डॅनियल १९७० साली वारले. ज्या नावासाठी त्यांनी तोटा सोसला, ते स्वस्त कुप्यांवर छापले जाण्यास त्यांच्या हयातीतच प्रारंभ झाला होता.

४. तीन टप्प्यांची जुळणी

१९७५ साली चित्रपट-दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोप्पोला यांनी नीबाउम यांचे निवासस्थान आणि सुमारे १,५०० एकर जमीन विकत घेतली. जमीन मिळाली, पण नाव नव्हते. त्यामुळे १९७८ च्या हंगामापासून तयार केलेल्या त्यांच्या मुख्य मद्याला 'रुबिकॉन' हे नाव देण्यात आले. ज्युलियस सीझरने ओलांडलेल्या त्या नदीचे नाव इंग्रजीत माघार नसलेल्या निर्णयाचे निदर्शक झाले आहे.

दुसरा टप्पा १९९५ सालचा. 'ड्रॅक्युला' या १९९२ च्या चित्रपटाच्या उत्पन्नाचे साहाय्य घेऊन कोप्पोला यांनी जुनी मद्यशाळा व तिच्यासमोरचा मळा विकत घेतला. विभागलेली भूमी एकत्र आली. मधल्या काळात मद्यशाळेसमोर उभारलेले पिंपांचे कोठार पुढे पाडण्यात आले व दगडी दर्शनी भाग पुन्हा मोकळा झाला. तरीही नाव इतरत्रच होते. ते १९९४ मध्ये कॅनन्डेग्वा या कंपनीकडे आणि २००८ मध्ये वाइन ग्रुप या कंपनीकडे गेले. या अवधीत मूळ मळ्याला 'नीबाउम-कोप्पोला' व २००६ पासून 'रुबिकॉन इस्टेट' अशी पर्यायी नावे घ्यावी लागली. आपल्याच घरात दुसऱ्या नावाने वावरण्यासारखी ही स्थिती होती.

तिसरा टप्पा २०११ मध्ये पूर्ण झाला. कोप्पोला यांनी 'इंगलनुक' हे व्यापारचिन्ह खरीदले. संपूर्ण मळ्यासाठी दिलेल्या किमतीहून अधिक रक्कम या एका नावासाठी मोजावी लागली, असे त्यांनी सांगितले आहे. अपकर्ष पावलेल्या शब्दाचे मूल्य जमिनीहून अधिक ठरावे, हा या इतिहासातील सर्वांत बोलका तपशील आहे. त्याच वर्षी मद्यनिर्मितीचे प्रमुख म्हणून फिलीप बास्कोल यांना पाचारण करण्यात आले. ते मार्गो येथे दीर्घकाळ काम केलेले होते, आणि २०१७ मध्ये संचालक म्हणून तेथेच परतले. पुनरुद्धाराची विद्या एका मळ्यातून दुसऱ्यात गेली, ती अशी.

५. निष्कर्ष

दोन्ही उदाहरणांची तुलना केली असता पुनरुद्धाराच्या कालमानांत मोठा भेद दिसतो. तळघर आणि निवड यांची घडी एक-दोन हंगामांत बसविता येते. वेलींस दशके लागतात. नावाचे मात्र निश्चित कालमान नाही. मार्गोचे नाव मळ्याशी बांधलेले असल्यामुळे दर्जा सावरताच त्याला पूर्वीचा अर्थ प्राप्त झाला. इंगलनुकचे नाव १९६४ मध्ये विकले गेले ते २०११ मध्ये परतले. ४७ वर्षे ते मूळ भूमीस पारखे होते.

मालकाकडे धन असले की मळा सावरतो, हे या इतिहासाचे अपुरे स्पष्टीकरण ठरेल. ह्यूब्लाइनपाशीही धनाची वाण नव्हती. फरक पडला तो नावाविषयीच्या भूमिकेत. नाव हे शक्य तितक्या वस्तूंवर उमटविण्याचे साधन मानले की त्याचा अर्थ विरळ होतो. ते विशिष्ट भूमीचे आणि विशिष्ट कसोटीचे वाचक मानले, तर काही पीक त्या नावावाचून विकण्याचा तोटा सोसावा लागतो. डॅनियल यांना तो झेपला नाही. मेंत्झेलोपुलोस यांना झेपला. जुन्या मळ्याचा नवा मालक खऱ्या अर्थाने वारस ठरतो की केवळ धनी, याचा निर्णय खरेदीखतावर होत नाही. त्या नावाने काय विकावयाचे नाही, हे तो दर हंगामात ठरवितो, तेव्हा होतो.