कुंपणाला रंग कधी?

दोस्तांनो, ‘यंदा दिवाळीला कुंपण नि फाटक रंगवूच!’ हे वाक्य तुमच्या घरी किती वर्षं ऐकू येतंय? आता तुम्हीच आई-बाबांच्या मागे लागा. कारण रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे, तो लोखंडाचा रेनकोट आहे!

रंगाला चीर पडली, की पाणी आणि हवेतला ऑक्सिजन आत शिरतात नि गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून वरचा रंग फुगतो, पोपडे सुटतात. गंजावरच ब्रश फिरवला, तर मेहनत वाया! आधी गंज घासून काढायचा, मग प्रायमर, तो वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात.

पण थांबा! जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते मुलांच्या मेंदूला फार घातक. आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांत शिशाचे जास्तीत जास्त ९० भाग, हा नियम २०१७ मध्ये लागू झाला. रंग त्याआधीचा असेल, तर घासायचं काम मोठ्यांनीच करावं. तेही धूळ उडू नये म्हणून ओलं करून, मास्क लावून. तुम्ही लांबच राहा.

रंगाचा शेवटचा हात मात्र तुमच्या हातचा! मग, कोणता रविवार ठरवताय?