कुराणाचा अर्थ आणि एक विराम

कुराणाच्या तिसऱ्या सूरेतील सातव्या आयतीवर भाष्यकारांचा वाद शतकानुशतके चालत आला आहे. या ग्रंथातील काही वचने स्पष्टार्थ आहेत व काही अनेकार्थी आहेत, असे ती आयत स्वतःच सांगते. पहिल्यांस अरबीत ‘मुहकम’ आणि दुसऱ्यांस ‘मुतशाबिह’ अशी नावे आहेत. अनेकार्थी वचनांचे खरे मर्म ईश्वरावाचून कोणी जाणत नाही, असे पुढे म्हटले असून त्यालाच लागून ज्ञानात दृढ झालेल्या लोकांचा उल्लेख येतो. हा उल्लेख मागच्या वाक्याशी जोडावयाचा की त्याने नवे वाक्य सुरू करावयाचे, हा वादाचा मुद्दा होय.

ईश्वराच्या नावापाशी थांबले, तर ते मर्म केवळ त्यालाच ठाऊक, आणि पंडितांनी श्रद्धेने मान तुकवावयाची, असा भाव निघतो. न थांबता पुढे वाचले, तर पंडितही त्या ज्ञानाचे वाटेकरी ठरतात. ‘ध’चा ‘मा’ केल्याने केवढा अनर्थ ओढवतो, हे मराठी वाचकास सांगावयास नको. परंतु येथे अक्षरदेखील बदलत नाही. श्वास कोठे घ्यावयाचा, एवढाच प्रश्न आहे. प्राचीन हस्तलिखितांत विरामचिन्हे नव्हती. तेव्हा निर्णय करावयाचा तो कशाच्या आधारे?

अर्थनिर्णयाच्या शास्त्रास ‘तफसीर’ म्हणतात. त्याचा पहिला आधार परंपरेचा. या परंपरेचे अग्रणी तबरी हे तबरिस्तानात जन्मले आणि इ. स. ९२३ मध्ये बगदाद येथे निवर्तले. एखाद्या आयतीविषयी पैगंबर, त्यांचे सहकारी व नंतरची पिढी यांची जी मते चालत आली, ती त्यांनी कोणी कोणापासून ऐकली या साखळीसह नोंदविली. परस्परविरोधी मतेही त्यांनी गाळली नाहीत. ती शेजारी शेजारी मांडून मग आपला कौल दिला. प्रस्तुत आयतीत त्यांनी विरामाचा पक्ष घेतला. विशेष हे की, पैगंबरांचे चुलतबंधू इब्न अब्बास यांच्या नावावर दोन्ही पक्षांची वचने सांगितली जातात!

दुसरा आधार व्याकरण, अलंकारशास्त्र आणि तर्क यांचा. ख्वारज्मचे जमख्शरी (मृत्यू इ. स. ११४४) हे बुद्धिवादी मुतझिली पंथाचे. त्यांच्या ‘कश्शाफ’ या भाष्यात शब्दांची रचना आणि अर्थच्छटा यांचा सूक्ष्म विचार आहे. त्यांनी या आयतीत पंडितांना ईश्वरासह जाणत्यांच्या पंक्तीस बसविले. त्यांची धर्ममते अमान्य असलेल्या विद्वानांनीही हे भाष्य टाकून दिले नाही. मतांचे खंडन करावे व व्याकरण मात्र शिकून घ्यावे, अशी त्यांची वृत्ती होती.

तिसरा आधार प्रसंगाचा व काळाचा. कुराणाच्या ११४ सूरा अवतरणाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. पहिली लहान सूरा सोडल्यास सामान्यतः मोठ्या आधी आणि लहान नंतर, असा क्रम दिसतो. मद्याचे उदाहरण पाहावे. एका ठिकाणी मद्यात काही लाभ असला तरी पाप त्याहून मोठे, असे सांगितले आहे. दुसऱ्या ठिकाणी नशेत असताना प्रार्थनेजवळ जाऊ नये असे म्हटले आहे. तिसऱ्या ठिकाणी मद्य सर्वस्वी वर्ज्य ठरविले आहे. मधलेच वचन हाती घेणारा मनुष्य भलताच निष्कर्ष काढील. परंपरेने ही तीन वचने एकामागून एक आलेल्या पायऱ्या मानली आहेत.

नंतरच्या आज्ञेने आधीची रद्द होते, या तत्त्वास ‘नस्ख’ म्हणतात. परंतु हे शस्त्र दुधारी आहे. सैल हाताने वापरल्यास नको असलेले कोणतेही वचन बाद ठरविता येईल. म्हणून विद्वानांनी त्यास आवर घातला. कैरोचे सुयूती (मृत्यू इ. स. १५०५) यांनी अशा आयतींची संख्या सुमारे २० वर आणली; दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी बाकीच्यांचा मेळ घालून ती अवघ्या ५ वर आणून ठेवली.

अर्वाचीन काळात या साधनांत भर पडली. जर्मन पंडित नोल्डेके यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भाषाशैलीच्या आधारे सूरांचे चार कालखंड पाडले. तीन मक्केचे व एक मदिनेचा. इजिप्तच्या आयशा अब्दुर्रहमान (१९१३–१९९८), ज्या ‘बिंत अश्-शाती’ या नावाने लिहीत, त्यांनी आणखी एक शिस्त पाळली. एखाद्या शब्दाचा अर्थ ठरविण्यापूर्वी तो कुराणात जेथे जेथे आला असेल ती सर्व स्थळे गोळा करावयाची, आणि बाहेरचा अर्थ त्यावर लादावयाचा नाही. कुराणाने कुराणाचा अर्थ लावणे हे तत्त्व वस्तुतः जुनेच. त्यांनी त्यास साहित्याभ्यासाची काटेकोर बैठक दिली.

या सर्व पद्धतींत मतभेद पुष्कळ आहेत. तरी एका बाबतीत त्यांचे एकमत दिसते, ते असे की, सुटे वाक्य हाती धरून निवाडा करणे म्हणजे अभ्यास नव्हे. शब्द, पूर्वापर संबंध, प्रसंग आणि पूर्वसूरींची मते पाहिल्यावाचून बोलण्याचा अधिकार येत नाही. आणि हे सारे पाहून झाल्यावरही जुने भाष्यकार आपल्या विवेचनाच्या शेवटी बहुधा एक लहानसे वाक्य लिहीत. त्याचा आशय एवढाच, की ईश्वर अधिक जाणतो. सातव्या आयतीत जे न थांबता पुढे वाचत, त्यांनाही येथे थांबण्यात कमीपणा वाटला नाही.