जुन्या मस्टँगचं सहा सिलिंडर इंजिन: काढायचं की सुधारायचं?

१९६५ च्या फोर्ड मस्टँगमधलं २०० घनइंचाचं सहा सिलिंडर इंजिन काढून व्ही-एट बसवावं, असं अनेकांना वाटतं. बजेट मोजकं असेल तर हा मोह टाळावा, असं माझं ठाम मत आहे, कारण खर्च इंजिनापाशी थांबत नाही. सहा सिलिंडरच्या गाडीला चार नटांची चाकं, लहान ड्रम ब्रेक आणि हलका मागचा ॲक्सल होता. व्ही-एटला पाच नटांची चाकं आणि दणकट ॲक्सल. म्हणजे ब्रेक, स्प्रिंगा, ॲक्सल, रेडिएटर सगळंच बदलणं आलं.

‘पण १२० हॉर्सपॉवरमध्ये काय मजा?’ हा आक्षेप रास्त आहे. अडचण अशी की या इंजिनाचं इनटेक मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेलं आहे, म्हणून नुसता मोठा कार्ब्युरेटर लावून फारसं हाती लागत नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातलं, मोठ्या व्हॉल्व्हचं हेड भंगारात मिळालं तर फरक पडतो. मात्र त्याचा ज्वलनकक्ष मोठा असतो, म्हणून हेड तासून घ्यावं लागतं, नाहीतर कॉम्प्रेशन घटतं. त्याहून स्वस्त काम इग्निशनचं. मूळ डिस्ट्रिब्युटर फक्त व्हॅक्यूमवर टायमिंग पुढे नेतो. नंतरच्या मॉडेलचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर आणि त्याला जुळणारा कार्ब्युरेटर लावला की गाडी नीट खेचते. सात मेन बेअरिंगांचा क्रँकशाफ्ट एवढं सहज पेलतो.

व्ही-एटचा आवाजच हवा असेल, तर मुळातली व्ही-एट मस्टँग शोधा. नाहीतर एकही पार्ट मागवण्याआधी सहाही सिलिंडरांची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, आणि पहिला पैसा ब्रेकवर घाला.