अजगर आणि पाळणा

पाबळसारख्या कोरडवाहू मुलखात साप पाळावा लागत नाही. धान्यावरील उंदरांमागे तो आपणहून घरात येतो. जमिनीवर निजलेल्या मुलाला मण्यार रात्री चावते आणि दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. दुसरीकडे शहरांतून परदेशी अजगर हौसेने पाळले जातात. ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

भारतीय अजगर बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांतील परदेशी जातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाली. परंतु नोंदणीने मूल सुरक्षित होत नाही. अजगर बिनविषारी खरा. पण तो विळख्याने मारतो. २००९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात पेटीतून निसटलेल्या सुमारे साडेआठ फुटी पाळीव अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा प्राण घेतला. २०१३ मध्ये कॅनडातील कॅम्पबेल्टन येथे हवेच्या नळीतून सुटलेल्या अजगराने निजलेल्या दोन भावांचा बळी घेतला. सापाने आपल्या स्वभावधर्माप्रमाणेच केले. उणीव होती ती बंदोबस्तात.

तेव्हा कुलूपबंद पेटी, स्वतंत्र बंद खोली, मोठा साप हाताळताना दोन प्रौढ माणसे आणि नंतर साबणाने हात धुणे, ही किमान पथ्ये होत. ती जेथे अशक्य, तेथे अजगर नकोच. हौसेचा लाभ पालकाला आणि जोखीम मुलाला, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात न्याय्य ठरत नाही. मुलाला खाटेवर, मच्छरदाणीत निजविणाऱ्या खेड्यातील आईला हा हिशेब केव्हाच कळला आहे.