वैशाखात घरट्यातून पडलेलं पिल्लू

विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला की तापलेल्या घरट्यांतून पिल्लं खाली पडू लागतात. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुधा अनाथ नसतंच. त्याला जवळच्या झुडपात सावलीला ठेवा, आईबाप येतात. उघडंबोडकं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, हा निव्वळ गैरसमज.

चोच वासून धापा टाकत असेल तर ते उष्म्याने हैराण आहे. पक्ष्यांना घाम येत नाही. हवेशीर खोक्यात, सावलीत ठेवा. चोचीत पाणी मात्र कधीच ओतू नका! श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी फुप्फुसात जातं. दूध-पोळीही नको. आईबाप आलेच नाहीत, तर वनविभागाला १९२६ वर कळवा.